पाटाकडच्या फडातल्या मोळ्या

सातारा
५ जानेवारी २०२५

चि. लाला,

रविवारी माझ्या जागी तू उभा राहशील तेव्हा सुरुवात अशीच कर, एक शब्द बदलू नकोस:

‘कुरणवाडीच्या ऊसकऱ्यांनो! वर्षभर ऊस आपण सांभाळायचा. पण त्याला तोड कधी मिळणार, काट्यावर वजन किती भरणार, भाव काय येणार, हे सगळं दुसऱ्यानं ठरवायचं. आपल्या घामाचा मालक कुणी दुसराच आहे, ही सल इथल्या प्रत्येक घरात आहे. म्हणून आज मी तुम्हाला अशा माणसांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांचा नुसता घाम नव्हे, अख्खं अंगच दुसऱ्याच्या मालकीचं होतं.’

इथं थांब. पाणी पी. लोकांना बघू दे तुझ्याकडे.

मिरजेच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली, ती साधी निघाली. पण दीड महिना शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही. तीस वर्षं सभा गाजवलेली तुझी चुलतबहीण आता पाटीवर लिहून दूधवाल्याशी भांडते. तो बिचारा जिंकतो. तुझ्या फोनला नुसती बटणं, म्हणून हे पत्र. व्याख्यानमालेला मी शब्द दिला होता, तो तुझ्या तोंडून पाळायचा आहे.

सोबत नऊ पानं आहेत. त्यांचा गाभा ध्यानात ठेव. अमेरिका नावाचा एक देश होता आणि त्यात दोन देश राहत होते. दक्षिणेत कापसाचे मळे, मळ्यांवर विकत घेतलेली माणसं. उत्तरेत कारखाने, आणि ‘आमच्यात गुलामी नाही’ असा ताठा. पण उत्तरेच्या गिरण्यांत कापूस कुठला? तोच. १८२० साली पुढाऱ्यांनी नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल. सगळ्यांना वाटलं, भांडण मिटलं. चाळीस वर्षं ते असंच मिटवत राहिले. त्या चाळीस वर्षांत एकाच धर्माची चर्च फुटली, एकाच घरातले भाऊ एकमेकांना परमुलखातले वाटू लागले. आणि मग जे आपसातलं युद्ध पेटलं, त्यात सहा लाखांवर माणसं गेली.

त्यांच्या राज्यघटनेत गुलामाची गणती कशी होती ठाऊक आहे? पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. हे सावकाश वाच.

सहावं पान सगळ्यात महत्त्वाचं. ते पळून गेलेल्यांबद्दल आहे.

तुझी,
विजूअक्का


कुरणवाडी
१६ जानेवारी २०२५

ती. विजूअक्कास,
लालासाहेबाचा नमस्कार.

भाषान झालं. देवळाम्होरं बायाबापड्यांसकट तीनशे मान्सं. ‘ऊसकऱ्यांनो’ म्हनलं आन् टाळ्या पडल्या. सिकंदर मुल्ला पुढंच बसल्याला, आपला मोटरी दुरुस्त करनारा. म्हनाला, “लाला, आज तुज्या अंगात अक्का आली रं!” पाच गुलाम म्हंजे तीन मान्सं म्हनल्यावर मातर कुनी टाळी वाजवली न्हाई.

तुझी तब्येत जप. मिठाच्या पान्यानं गुळण्या कर.

दुसरं एक लिवायचं हाय. हसू नगंस.

पाटाकडचा आपला फड तुला ठावं हाय. त्यातला दीड एकर तुटायचा ऱ्हायलाय. ऊसतोडीची टोळी चार तारखेला म्होरल्या गावाला गेली, त्यांच्या ऱ्हायच्या कोप्या बी मोडल्या. तवापास्नं त्या फडात कुनी गेल्यालं न्हाई. आन् सात तारखेपास्नं रोज बांधाव एक मोळी हाय. तोडल्याली, पाला साळल्याली, शेंड्याच्या हिरव्या वाढ्यानं बांधल्याली. कवा एक, कवा दोन.

मी भर दुपारी लिंबाखाली बसून ऱ्हायलो. वारं न्हाई. पानसुदीक हलंना. आन् आत खट्ट. मग थोड्या येळानं खट्ट. कोयत्याचाच आवाज, अक्का, आमी जल्मापास्नं ऐकतोय. मी म्हनलं, “कोन हाय रं?” तर आवाज थांबला. एका सरीतलं तुरं हलत हलत आत गेलं, जसं पान्यात मासा जातोय.

मोळीचा पीळ बघितला. उलटा हाय. समदी उजवीकडनं पिळत्यात, ह्यो डावीकडनं.

म्हातारी बनाबाई म्हनती निवद ठिवा. ठिवतोय.

तुझा,
लाला


सातारा
१९ जानेवारी २०२५

चि. लाला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. टाळ्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता भुताचं.

फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस तू! सीमेवर बर्फात उभा राहिलास आणि स्वतःच्या उसाला भितोस? कुणीतरी चोर तुझा ऊस तोडत असेल.

पण हे लिहिलं आणि मलाच पटलं नाही. चोर ऊस नेतो, बांधावर रचून ठेवत नाही.

म्हणून एकच विचारते. हा डावीकडचा पीळ तू याआधी कुणाच्या हातचा पाहिला आहेस? पाहिल्याशिवाय तू तो ओळखला नसतास. शेतकरी मोळीचं वजन बघतो, पीळ बघत नाही.

आणि सहाव्या पानाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. लोक काय म्हणाले? १८५० चा तो कायदा ऐकून कुणी उठलं कसं नाही? पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी मालकाला परत द्यायचा. त्याला भाकर देणाऱ्याला तुरुंग. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यानं गुलाम परत पाठवला तर त्याला दहा डॉलर, मोकळा सोडला तर पाच. लाला, या कायद्यानं उत्तरेच्या सभ्य माणसाची झोप उडाली. तोवर तो म्हणायचा, ते पाप तिकडचं आहे, रेघेच्या खालचं. आता ते त्याच्याच दारात धापा टाकत उभं होतं, आणि दार उघडायचं की सरकारला खबर द्यायची, हे त्यालाच ठरवायचं होतं.

कळव.

तुझी,
अक्का


कुरणवाडी
२४ जानेवारी २०२५

ती. अक्कास नमस्कार.

सहावं पान मी वाचलं न्हाई. चष्म्याव धुकं आलं आन् पान चुकलं, आसं लिवनार हुतो. पन तुला खोटं लिववंना. टोळीचा मुकादम म्होरल्या गावातनं मुद्दाम आल्याला, पुढच्या रांगेत खुर्चीव बसल्याला, सरपंचाशेजारी. पान उघाडलं, त्येच्याकडं बघितलं, आन् दोन पानं एकदम उलाटली.

पीळ वळखीचा हाय, व्हय. टोळीत हरणाबाई म्हनून एक बाई हुती, मराठवाड्याकडची. डावखुरी. वय आसंल तीस. लय चपळ, तिच्या मोळ्या लांबनं वळखू यायच्या. डिसेंबरात तिच्या नवऱ्याचा हात ट्रॉलीत घावला, त्यो गावी गेला. ती ऱ्हायली. तीन तारखेला ती नदीव गेली ती गेलीच. घाटाव चप्पल घावल्या. बाकी काय घावलं न्हाई. मगरीचं पानी हाय तिथलं.

तर आता कळलं का, फडात कोन हाय?

गावात समद्यांस्नी कळलंय. तिकडनं कुनी जाईना. बनाबाई रोज दुपारी भाकरी, पिठलं ठिवती. कवा आमच्या घरनं जातं. आपली कुत्री आत जात्यात आन् भुकत न्हाईत, शेपटी हालवत भाईर येत्यात. कुत्र्यानं भुकू नये हेचंच मला लय भ्या वाटतं. सांजच्याला बघावं तर ताट रिकामं. घासल्यालं. राखंनं घासून, पालथं घालून बांधाव ठिवल्यालं.

सिकंदर म्हनतो, “भूत भांडी घासतं व्हय रं लाला? तसं आसंल तर एक आमच्या घरी बी धाड, बायकूची, रुक्सारची आन् माजी कटकट मिटंल.” समदी हासली. मला हासू आलं न्हाई.

दुसरी टोळी यायला तयार न्हाई. म्हनत्यात, आदी पेटवा, मग तोडतो. वाळल्याला पाला, पाचट जळलं की तोड बी झटक्यात आन् जे काय आसंल ते मोकळं बी हुईल. कारखान्याचा तोडीचा प्रोग्राम नऊ फेब्रुवारीचा लागलाय. त्या दिशी दुपारी बाराला पेटवायचा.

लाला


सातारा
२८ जानेवारी २०२५

लाला,

मेलेल्या माणसाला भूक लागत नाही. मेलेलं माणूस ताट घासून पालथं घालत नाही. ज्या बाईला परक्याच्या घरचं ताट उष्टं परत देताना लाज वाटते, ती बाई जिवंत असते.

तू प्रेत पाहिलंस? कुणीच पाहिलं नाही. दोन चपला पाहिल्या. लाला, पळणारं माणूस पाण्याच्या कडेला चपला कशासाठी ठेवतं? मागून येणाऱ्यानं शोध थांबवावा म्हणून.

आता मला सांग, ती कुणापासून पळाली?

नवऱ्याचा हात जायबंदी झाला, तो गावी गेला, ती ‘राहिली’. तू हा शब्द किती हळूच टाकलास! जखमी नवऱ्याला एकटं पाठवून कुठली बायको ऊस तोडत राहते? तिला ठेवलं गेलं. तुमच्याकडे नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. तिकडे पाच जिवांची तीन माणसं व्हायची, तुमच्याकडे दोन जिवांचं एक हत्यार होतं. अख्ख्या कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली, अर्धा कोयता घरी गेला, म्हणून उरलेला अर्धा मुकादमानं अडकवून ठेवला. कुठं ठेवला? कोप्यांना दारं नसतात, लाला. कुलूप लागेल असं त्या शिवारात एकच बांधकाम आहे आणि त्याची किल्ली तुझ्या कनवटीला असते.

अशी वेठबिगारी कायद्यानं बंद होऊन पन्नास वर्षं होत आली.

आणि ती अजून मोळ्या का बांधते, याचा विचार केलास? मी चार रात्री तोच करते आहे. ती पळाली, पण सुटली नाही. तिला वाटतंय, काम पुरं केलं तर नवऱ्यामागे कुणी जाणार नाही. साखळी नाही, पहारेकरी नाही, मालकही उठून पुढच्या गावाला गेला, आणि भर दुपारी एक बाई रिकाम्या शिवारात स्वतःच्या हातानं कोयता चालवते आहे. याच्याहून भयंकर भूत मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

तो फड पेटवू नकोस. तुला आपल्या थोरल्या आबांची शपथ घालत नाही. माणूस म्हणून सांगते.

अक्का


कुरणवाडी
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

पत्र पोस्टात टाकलं न्हाई, एस.टी.च्या डायव्हरच्या हातनं धाडतोय. वाचून फाडून टाक.

व्हय. पंपाची शेड माजी. कुलूप माजं. मुकादम म्हनला, “चार दिवस, तिचा दीर पैसं घिऊन येतोय.” मी म्हनलं, आपल्याला काय करायचंय, त्यांचं त्ये बघतील. तिकडची मान्सं, तिकडचा मुकादम. मी नुसती किल्ली दिली. हात लावला न्हाई, शिवी दिली न्हाई. उलट पल्लवीनं दोन येळा भाकरी धाडली. माजी बायको हाय तशी मायाळू, तुला म्हाईत हाय.

आठ दिवस ती आत हुती. सकाळी काढायची, फडात न्यायची, सांजच्याला परत. एकदा मी मोटर चालू कराय गेलो तर दाराच्या फटीतनं म्हनली, “आवं मालक, पानी चालू केल्याव दार उघडं ठिवा, आवाजाचं भ्या वाटतं.” मी मोटर चालू केली. दार लावून घेतलं.

तीन तारखेला पत्रा उचकटल्याला दिसला.

तू म्हनतीस ती जिती हाय. मी ह्येचा इचार केला न्हाई आसं न्हाई. ताट बघितल्या दिशीच आला मनात. पन अक्का, जिती आसंल तर माज्या शेडला कुलूप हुतं हे कुनाला तरी सांगावं लागंल. पोलिसाला, गावाला. माजा ऋषिराज फौजेच्या भरतीला उतारलाय, त्येच्या कागदाव बापाची केस दिसंल. भूत आसंल तर मातर निवद ठिवायचा, नारळ फोडायचा, मिटलं. देवाशपथ सांगतो, ती मेल्यालीच आसावी आसं मला वाटतंय.

लिवलंय ते खोडत न्हाई.

नऊ तारीख माज्या हातात ऱ्हायली न्हाई. सरपंच, मुकादम, कारखान्याचा मानूस, समद्यांचं ठरलंय. तू येऊ नगंस. आलीस तर आपल्यात बोलनं ऱ्हानार न्हाई.

लाला


कुरणवाडी
८ फेब्रुवारी २०२५

(हे पत्र सिकंदर मुल्ला यांनी चावडीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं.)

कुरणवाडीकरांनो,

मी विजयमाला, लालासाहेबांची चुलतबहीण. गेल्या महिन्यात देवळासमोर तुम्ही जे भाषण ऐकलंत ते माझं होतं. त्यातलं एक पान तुमच्यापासून लपवलं गेलं. ते पान अमेरिकेबद्दल होतं. आज मला ते वाचून दाखवायची गरज उरली नाही, कारण तुम्ही सगळे त्या पानात राहत आहात.

पाटाकडच्या फडात भूत नाही. तिथं हरणाबाई आहे.

तिला आठ दिवस कुलपात ठेवलं होतं. कुणाच्या शेडला कुलूप होतं, हे तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. ते माझ्या भावाचं होतं. माझ्या तक्रारीवरून काल पोलीस आले. त्यांनी उचकटलेला पत्रा पाहिला, बांधावरून दोन हाका मारल्या आणि ‘कुणी आढळले नाही’ असं लिहून गेले. खाकीतल्या पुरुषाच्या हाकेला ती बाहेर येईल, असं तुम्हाला वाटतं?

मी तीन दुपारी त्या बांधावर बसले. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुरे हलत हलत माझ्याकडे आले आणि दोन सऱ्या अलीकडे थांबले. मी ताट सरकवलं. पानांच्या खालच्या फटीतून मला दोन पाय दिसले. अनवाणी, पाचटानं चिरलेले, टाचा फुटलेल्या. ते तासभर हलले नाहीत. मीही हलले नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आयुष्यभर हजारो माणसांसमोर बोलले, आणि समोरच्या एका बाईला ‘ये’ म्हणायला माझ्याजवळ आवाज नव्हता. पाटीवर तिचं नाव लिहून मी धरलं. तिला वाचता येत नसावं. पाटीकडे बघून ती मागे सरकली. त्या बिचारीला वाटलं असेल, पुन्हा कुणीतरी काहीतरी लिहून घेतंय.

आज दुपारी बनाबाई माझ्यासोबत आल्या. पंचाहत्तरीच्या. दहा हात लांबून त्यांनी हाक मारली, “हरणे, बाय माजी, भाकर गार हुतीया गं.” आतून हुंदका आला. एकच. बनाबाईंनी माझा हात असा धरला की बांगडी फुटली. “आवं,” त्या मला म्हणाल्या, “म्हैनाभर मी जित्या बाईला निवद दावत हुतो.”

त्यांनी चूक केली, पण त्या चुकीनंच हरणाबाई जगली. ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी तिला काय दिलं?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. ती तिकडची माणसं. उचल त्यांनी घेतली, मुकादम त्यांचाच. आपल्याकडे कालवा आहे, त्यांच्याकडे कोरडी विहीर, त्याला आपण काय करणार? ही रेघ कुणी नकाशावर मारलेली नाही, पण ती आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे. आपण तिच्या वरच्या अंगाला आहोत आणि आपले हात स्वच्छ आहेत. उत्तरेची माणसं चाळीस वर्षं अगदी हेच म्हणत होती, तिकडच्या कापसाचा सदरा घालून. ज्या दिवशी पळालेलं माणूस दारात आलं, त्या दिवशी त्या देशातलं एकेक गाव मधोमध चिरलं गेलं. काहींनी दार उघडलं. काहींनी बक्षीस घेतलं. बाकीच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि सगळ्यात जास्त तेच होते.

आपलं गावही आज चिरलं गेलं आहे. माझं घर गेलं आहे. लाला कालपासून माझ्याशी बोललेला नाही. पल्लवीनं डोळे पुसत मला जेवायला वाढलं आणि लाला ताट उचलून ओसरीवर गेला. मला त्याचा राग येत नाही. त्यानं मला खरं लिहिलं, आणि ते पत्र मी फाडलेलं नाही. सोमवारी तहसीलदारांसमोर ते ठेवणार आहे. हे त्यालाही आज इथंच कळतंय.

उद्या बारा वाजता फडाला चारी बाजूंनी आग लावायची आहे. पेटलेल्या उसातून माणूस बाहेर पडत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. दीड एकर दहा मिनिटांत जळतो. त्यानंतर त्या फडात खरोखरच भूत असेल, आणि ते या गावातून कधीच जाणार नाही.

दुसरी टोळी म्हणते, पेटवल्याशिवाय तोडणार नाही. मग त्यांनी तोडूच नये. ऊस आपला आहे. आपल्यातल्या कितीजणांनी पुरा दिवस आपला ऊस आपल्या हातानं तोडला आहे? बायकांनो, तुम्ही पुढं या, कारण तुमच्या आवाजाला ती ओ देईल. रस्त्याच्या अंगानं तोडायला लागू, पाटाकडची बाजू मोकळी ठेवू, म्हणजे तिला कोंडल्यासारखं वाटणार नाही. सरीमागून सरी मोकळी होईल आणि प्रत्येक सरीला आपण तिचं नाव घेऊ. ती आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत.

उद्या सकाळी सात वाजता, काडेपेटी घरी ठेवून, प्रत्येक घरातून एक माणूस कोयता घेऊन पाटाकडच्या फडावर या.